वीस सेकंदांची लाट

लाटेला उशीर होतो का?

हसू नका. लाटेला उशीर झालाय असं मी केवणीच्या किनाऱ्यावर वीस माणसांसमोर म्हटलं, तेव्हा तीही अशीच हसली होती. एक काका तर हसता हसता वाळूत बसले. मला इतका राग आला, की हातातली दोरी टाकून सरळ लातूरला निघून जावंसं वाटलं.

मी शर्वरी. सातवी संपवून आठवीत जाणार. मला कुणी विनाकारण चूक म्हटलं की माझं डोकं तापतं. आई म्हणते, हा गुण बाबांकडून आलाय. बाबा म्हणतात, आईकडून. दोघांचं या एका बाबतीत कधी एकमत झालेलं नाही.

एप्रिलच्या सुट्टीत मी विनयाआत्याकडे गेले होते. केवणी हे मालवणच्या दक्षिणेला एक छोटंसं गाव आहे. समोर समुद्र, मागे सुरूची झाडं आणि दिवसभर लख्ख ऊन. आत्या तिथे सर्फिंगची शाळा चालवते. सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला येणं. व्हिडिओत बघताना ते अगदी सोपं दिसतं.

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडले. पडण्याचं एवढं नाही, पण लाट मला पुढे घेऊनच जात नव्हती! ती यायची, मला वर उचलायची, खाली ठेवायची आणि एकटीच किनाऱ्याकडे पळायची. मी होते तिथेच.

"आत्या, तुझ्या लाटा बिघडल्यात," मी म्हटलं.

"लाटांना विचार की, काय बिघडलंय ते," आत्या म्हणाली आणि दुसऱ्या मुलांकडे वळली.

उत्तर मिळालं आबांकडून. आबा म्हणजे आत्याचे सासरे, डॉ. मोरेश्वर गिरकर. वय चौऱ्याहत्तर. जन्म मासेमारांच्या घरात, आणि सगळी नोकरी समुद्राचा अभ्यास करण्यात गेलेली. आता निवृत्त होऊन ते किनाऱ्यावरच्या कासवांच्या घरट्यांची राखण करतात. त्यांनी एक सोललेला नारळ घेतला आणि लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे फेकला.

"बघ त्याच्याकडे. किनाऱ्याला येतोय का?"

मी पाच मिनिटं बघत राहिले. नारळ वर जायचा, थोडा पुढे यायचा, खाली जायचा, थोडा मागे सरकायचा. एवढ्या लाटा त्याच्याखालून गेल्या, पण तो जवळपास जागच्या जागीच.

"म्हणजे लाटेबरोबर पाणी येत नाही?"

"नाही. पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि शेजारच्या पाण्याला ढकलतं. ते त्याच्या शेजारच्याला. पुढे येते ती ऊर्जा (काम करण्याची ताकद). शाळेच्या रांगेत मागच्या मुलाने धक्का दिला की तो पुढपर्यंत पोचतो, पण मागचा मुलगा पुढे येतो का?"

"आमच्या शाळेत येतो," मी म्हटलं. "आणि मार खातो."

आबा खो खो हसले. मग त्यांनी सांगितलं, की लाटेवर स्वार व्हायचं तर आधी हाताने पाणी मारून आपला वेग लाटेच्या वेगाएवढा करावा लागतो. नाहीतर आपणही नारळच. चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा फळीवर उभी राहिले. तीन सेकंद! मी एवढ्या जोरात ओरडले, की सुरूवरचे बगळे उडाले.

नंतर दोन दिवस वारा पूर्ण पडला. समुद्र इतका शांत झाला की सर्फिंगला लाटच उरली नाही. सातव्या दिवशी सकाळी आत्याने मला रापणीवर पाठवलं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकत जाते. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर असतात, आणि गावातली माणसं दोन रांगा करून ती ओढतात. पाहुणा असो की कुणी असो, ज्याने दोरीला हात लावला त्याला थोडे मासे मिळतात, अशी तिथली पद्धत आहे. रापणीचे प्रमुख बाबी कुबल. सगळे त्यांना बाबीकाका म्हणतात. त्यांचा आवाज असा, की त्यांना फोनची गरज नाही.

ओढण्यातही एक शिस्त असते. लाट परत जाताना जाळं समुद्राकडे खेचलं जातं, तेव्हा नुसतं धरून ठेवायचं. लाट आत येताना ती जाळ्याला आपल्याकडे ढकलते, तेव्हा ओढायचं. बाबीकाकांनी मला शिकवलं होतं, "लाट आपटली की एक म्हणायचा. नवाक कंबर वाकवायची, धाव्याक खेचायचा."

मी मोजलं. एक, दोन, तीन... नऊला वाकले, दहाला जीव खाऊन ओढलं. दोरी हलली नाही. उलट माझ्याच हातांची सालटी निघाली. पायाशी बारक्या लाटा खळखळत होत्या, पण जाळं ढकलणारी लाट आलीच नव्हती. ती बऱ्याच वेळाने आली, आणि तेव्हा मी दम खात होते.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच.

"गो चेडवा, घाई कित्याक करतस?" बाबीकाका ओरडले. चेडू म्हणजे मुलगी, हे मला एव्हाना कळलं होतं. "लाट येवंदे की!"

"मी बरोबर मोजतेय! लाटच उशिरा येतेय!"

तेव्हा सगळे हसले. "लाटेक खंय उशीर जाता?" बाबीकाका म्हणाले. "ती काय एसटी आसा?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काही बोलणार, एवढ्यात पाठीमागून आबांचा आवाज आला. ते घरट्यांकडून येत होते. ते मात्र हसत नव्हते.

"शर्वरी, कितव्या आकड्याला आली लाट?"

"विसाव्या."

"नक्की?"

"आबा, मला वीसपर्यंत येतं!"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "अशी एक लाट मोजायची नाही. दहा लाटा मोज. पहिली जाळ्याखालून गेली की घड्याळ सुरू, त्यानंतरची दहावी गेली की बंद. मग दहाने भाग. एखादी मोजताना थोडं चुकलं, तरी चूक दहा जणींत वाटली जाते."

मी मोजलं. दोनशे सेकंद. दहाने भागले, वीस. सकाळचे आठ वाजले होते.

एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंत जो वेळ जातो त्याला आवर्तनकाल (लाटेची एक फेरी पूर्ण व्हायचा वेळ) म्हणतात. इथे तो नेहमी आठ-दहा सेकंद असतो. आज एकदम दुप्पट झाला होता.

आबा झेंड्याच्या खांबाकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे.

त्या खांबावर तरंग्याचा आवाज ऐकू येतो. तरंग्या हा यंत्रमानव आहे, पण हातपाय असलेला नाही. पिवळ्या घमेल्यासारखा तो समुद्रात नांगरलेला असतो, उन्हावर चालतो, लाटा आणि वारा मोजतो आणि खांबावर हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा चढवतो. सगळा किनारा त्याच्या शब्दावर चालतो.

"तरंग्या, लाटांचा आवर्तनकाल किती?" आबांनी विचारलं.

"नमस्कार, आबा. नऊ सेकंद. उंची तीस सेंटीमीटर. वारा ताशी पाच किलोमीटर. समुद्र सुरक्षित आहे. हिरवा झेंडा."

"खोटं!" मी ओरडले. "वीस सेकंद आहे! मी मोजलाय!"

"पंधरा सेकंदांहून लांब हेलकावे मी मोजणीतून वगळतो," तरंग्या शांतपणे म्हणाला. "ती बंदरातल्या पाण्याची गडबड असते, असं मला शिकवलेलं आहे."

"कुठल्या ठोंब्याने शिकवलं तुला?"

तरंग्याने उत्तर द्यायच्या आत आबा बोलले. "मी."

मला कुठे बघावं कळेना.

"बारा वर्षांपूर्वी याची चाचणी आम्ही बंदराच्या आत घेतली होती," आबा म्हणाले. "बंदरात पाणी टबासारखं डुलतं आणि मोजणी बिघडवतं. म्हणून मी एक ओळ लिहिली, पंधराच्या वरचं टाकून दे. नंतर याला उघड्या समुद्रात आणलं. ती ओळ काढायची राहून गेली. आणि नेमक्या अशाच लाटांवर तर मी अर्धं आयुष्य काम केलं!"

त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला वाईट वाटलं. मी हळूच विचारलं, "पण उंची तर तीसच सेंटीमीटर आहे ना? मग एवढं काय बिघडलं?"

ते म्हणाले, "आधी ही लाट कुठून आली ते शोधू. मग काय बिघडलं ते कळेल."

आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. आबांनी काटकीने वाळूत रेघ ओढली. एका टोकाला लिहिलं 'केवणी', दुसऱ्या टोकाला 'वादळ'.

"इथे वारा नाही, तरी लाट आहे. म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या वाऱ्याने उठवली. कुठेतरी दूर वादळ झालं. त्यात लहान-मोठ्या सगळ्या लाटा एकदमच सुटल्या. आता, खोल समुद्रात ज्या लाटेचा आवर्तनकाल जास्त, तिचा जथा जास्त वेगाने पळतो. तळ्यात मोठा धोंडा टाकून बघ. पाण्यावर जी कडी पसरतात त्यातली बाहेरची एकमेकांपासून लांब असतात आणि आतली जवळजवळ. लांब लाटा पुढे निघून गेलेल्या असतात."

"मग आपल्याकडे आधी लांबच पोचणार. आखूड नंतर."

"शाब्बास! जथ्याचा वेग काढायची सोपी रीत आहे. आवर्तनकालाला दोन पूर्णांक आठने गुणायचं. उत्तर येतं ताशी किलोमीटरमध्ये."

वीस गुणिले दोन पूर्णांक आठ, छप्पन्न. म्हणजे ताशी छप्पन्न किलोमीटर. आमची लातूरची बस यापेक्षा हळू जाते.

"पण ती किती लांबून आली हे कसं कळणार?"

"एकोणीस सेकंदांची लाट येईपर्यंत थांबायचं," आबा म्हणाले.

थांबणं मला जमत नाही. तरी मी दर अर्ध्या तासाने दहा लाटा मोजल्या आणि वहीत आकडे लिहिले. मधे जेवले. आबांनी अर्धं आयुष्य ज्या कार्यालयात घालवलं तिथे फोन केला. तिथला अधिकारी म्हणाला, उपग्रहाची जुनी चित्रं तपासून संध्याकाळपर्यंत कळवतो. दुपारी बरोबर तीन वाजता दहा लाटांना एकशे नव्वद सेकंद लागले.

"एकोणीस!" मी धावत आले.

एकोणीस गुणिले दोन पूर्णांक आठ, त्रेपन्न पूर्णांक दोन. आबांनी काटकी माझ्या हातात दिली. "समज, दोन धावपटू एकाच ठिकाणाहून एकाच वेळी सुटले. पहिला ताशी छप्पन्न पळतो, दुसरा ताशी त्रेपन्न पूर्णांक दोन. पहिला सकाळी आठला पोचला, दुसरा तीनला. सात तास मागे. मग पहिला पोचला तेव्हा दुसरा किती किलोमीटर मागे होता?"

"सात तासांत तो जेवढं पळतो तेवढा. त्रेपन्न पूर्णांक दोन गुणिले सात... तीनशे बहात्तर!"

"आणि दर तासाला तो किती मागे पडत होता?"

"छप्पन्न वजा त्रेपन्न पूर्णांक दोन. दोन पूर्णांक आठ." मी थांबले. मग माझ्या एकदम लक्षात आलं. "तीनशे बहात्तरला दोन पूर्णांक आठने भागलं की किती तास पळत होते ते कळेल! एकशे तेहतीस! म्हणजे साडेपाच दिवस! आणि एकशे तेहतीस गुणिले छप्पन्न..."

मी वाळूतच गुणाकार केला. उत्तर आलं जवळजवळ साडेसात हजार किलोमीटर. विषुववृत्त ओलांडून, पार अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या समुद्रातून. सहा दिवसांपूर्वी, मी फळीवरून अकरा वेळा पडत होते त्याच सुमाराला, तिकडे वादळ सुरू होतं. त्याची बातमी घेऊन ही लाट चालत आली होती, आणि ती मी दोरी ओढता ओढता पकडली होती! मला आनंदाने उडीच मारावीशी वाटली.

आबांनी मात्र पुढचा हिशोब करायला लावला. सतरा सेकंदांच्या लाटा उद्या सकाळी साडेसातला येणार होत्या. सोळाच्या उद्या संध्याकाळी पाचला.

"वीसच्या लाटा म्हणजे वरातीतली पुढे पळणारी चार पोरं," ते म्हणाले. "खरी वरात सतरा-सोळाला असते. तेव्हा लाटा सगळ्यांत जोरदार. आणि लांब लाट फसवी असते. तिची हालचाल पाण्यात खूप खोलवर जाते. म्हणून किनारा जवळ आला की तिला तळ लवकर लागतो. पुढची लाट अडखळून हळू होते, मागची ऊर्जा तिच्यावर चढते. समुद्रात कमरेएवढी दिसणारी लाट किनाऱ्यावर डोक्याच्या वर जाते. आणि साधी लाट पाच सेकंदांत परत फिरते. ही आठ-दहा सेकंद वाळूवर वर-वर चढतच राहते."

"उद्या किती वाजता भरती आहे?" मी विचारलं.

"उद्या पौर्णिमा. म्हणजे उधाण (सगळ्यांत मोठी भरती). साडेअकराला."

आम्ही दोघांनीही एकदमच मागे वळून बघितलं. भरतीच्या रेषेपासून दहा पावलांवर जाळीचं कुंपण होतं. त्याच्या आत ऑलिव्ह रिडले कासवांची अकरा घरटी होती. हंगामातली शेवटची. प्रत्येकात शंभरच्या आसपास अंडी.

आता तुम्ही म्हणाल, उचला आणि वर ठेवा. मीही तेच म्हटलं. पण कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. आतलं पिल्लू वाढायला लागलं की ते कवचाला वरच्या बाजूने चिकटलेलं असतं. अंडं उलटं झालं तर ते आतल्या आत मरतं. म्हणून एकदा पुरलेल्या घरट्याला हात लावत नाहीत. हलवावं तर काही अंडी मरायची भीती, आणि न हलवावं तर पाणी भरून सगळीच गुदमरायची.

"दोघांनी हे होणार नाही," आबा म्हणाले. "वीस माणसं लागतील, आणि अंधार पडायच्या आत."

वीस माणसं कुठे होती ते मला माहीत होतं. रापणीची मंडळी जाळं वाळत घालत होती. मी तिथे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. वादळ, धावपटू, एकशे तेहतीस तास. कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही.

बाबीकाकांनी समुद्राकडे हात केला. "आबानू, दर्या तर तव्यासारखो सपाट आसा. वारो नाय, तर लाट खंयसून येतली? आणि अंड्यांक हात लावलो नि पाणी इलाच नाय, तर? अंडी आमीच मारली असा होतला." त्यांचं चुकत नव्हतं. बारा वर्षं आबांच्या बरोबरीने त्यांनीच इथली घरटी कुत्र्यांपासून आणि कोल्ह्यांपासून राखली होती.

"तरंग्यान पण हिरवो झेंडो लावलो हा," आणखी कुणीतरी म्हणालं.

तेव्हा आबा पुढे झाले. "तरंग्या चुकीचं सांगतोय, कारण मी त्याला चुकीचं शिकवलं. चूक माझी आहे, बाबी. ही मुलगी बरोबर आहे."

एवढ्या मोठ्या माणसाने सगळ्या गावासमोर असं सांगितलं. मी बाबीकाकांना म्हटलं, "काका, सकाळी तुम्हीसुद्धा दहालाच ओढत होता ना? मी तुमच्या मागेच होते. तुमचीही दोरी हलली नाही. तुम्हाला ठाऊक आहे!"

बाबीकाकांनी मान खाली घातली, हाताच्या तळव्याकडे बघितलं.

"चाळीस वर्षां दोरी खेचतंय," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आज पयल्यांदा माझो हात चुकलो. आणि मी ओरडलंय चेडवाक." मग ते उठले आणि नेहमीच्या आवाजात गरजले, "चला रे, हात धुवा! साबणान नाय, नुसत्या पाण्यान!"

सुरूच्या मागे, उंचावर, आबांनी अकरा खड्डे आखून दिले. हातभर खोल, खाली रुंद, वर अरुंद, कासवीण खणते अगदी तसे. आत्याने सर्फिंगच्या मुलांना बादल्या घेऊन उभं केलं. नियम एकच होता. वाळू बोटांनी बाजूला करायची, अंडं दिसलं की उचलायच्या आधी वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करायची, आणि ती खूण शेवटपर्यंत आकाशाकडे ठेवायची.

सातवं घरटं बाबीकाकांकडे आणि माझ्याकडे आलं. शहाण्णव अंडी. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण मऊ आणि कोमट. एकतिसावं अंडं माझ्या ओल्या बोटांतून सटकलं आणि बादलीतल्या वाळूत अर्धं फिरलं. खूण दिसत होती, मी लगेच ते सरळ केलं, पण मला रडूच फुटलं.

"रडाक नंतर वेळ आसा," बाबीकाका म्हणाले. "पुढचा उचल."

आठवं घरटं चालू असताना आबांचा फोन वाजला. कार्यालयातला तो अधिकारी होता. सहा दिवसांपूर्वीचं वादळ उपग्रहाच्या चित्रात सापडलं होतं. अंतर सात हजार सहाशे किलोमीटर. सगळ्या किनाऱ्याला इशारा जाणार होता.

"आणि तुमचा आकडा कुठल्या उपकरणाने काढलात, सर?" त्याने विचारलं.

"घड्याळाने," आबा म्हणाले. "आणि एका चिडक्या मुलीने."

सूर्य पाण्याला टेकायला आणि अकरावा खड्डा बुजायला एकच गाठ पडली.

दुसऱ्या दिवशी ऊन तसंच लख्ख, आकाश तसंच निळं. झाडाचं पान हलत नव्हतं. पण सकाळी साडेसातला मी दहा लाटा मोजल्या, आणि एकशे सत्तर सेकंद भरले. आत्याने शाळा बंद ठेवली. रापणीच्या होड्या रात्र पडायच्या आधीच वर ओढून ठेवल्या होत्या. तरंग्याला आबांनी सकाळीच नवी आज्ञा दिली होती, त्यामुळे खांबावर लाल झेंडा होता. दोन पर्यटक आत्याशी भांडले, एवढ्या छान हवेत लाल झेंडा कसला म्हणून. आत्याने त्यांना सुरूखाली बसवून नारळपाणी दिलं.

अकरा वाजता पहिली मोठी लाट फुटली. मग सतरा सेकंद काही नाही. मग दुसरी. साडेअकराला एक अशी आली की ती फुटल्यावर पाणी थांबेचना. ते चढलं, चढत राहिलं, भरतीची रेषा ओलांडून कुंपणापर्यंत गेलं आणि जाळीतून आरपार गेलं. पुढच्या लाटेने कुंपणाचे खांब उपटले. तिच्या पुढच्या लाटेनंतर तिथे कुंपण होतं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. घरट्यांच्या जागी गुडघाभर पाणी फिरत होतं.

ते दोन पर्यटक उभे राहून बघत होते. त्यातल्या एकाच्या हातातला नारळ तसाच राहिला.

बाबीकाका माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या चेडवान बरोबर मोजल्यान," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. म्हणजे अख्ख्या गावाला.

पण मला अजून आनंद होत नव्हता. पाणी आलं, हे खरं ठरलं. अंडी जगली का, हे कुठे ठाऊक होतं? ती वाळूखाली गप्प होती. मी बाबांना फोन करून सुट्टी वाढवून घेतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ सातव्या घरट्यापाशी जाऊन बसले. पहिलं घरटं पाचव्या दिवशी फुटलं, मग तिसरं, मग दहावं. सातवं काही केल्या हलेना. "माझ्यामुळेच," मी आबांना म्हटलं. "मीच ते अंडं फिरवलं." आबा म्हणाले, "एका अंड्यामुळे शहाण्णव थांबत नाहीत." तरी मला धीर धरवत नव्हता.

बाराव्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, सातव्या घरट्यावरची वाळू मधोमध खचली. आधी एक काळं नाक वर आलं. मग एक वल्ह्यासारखा हात. आणि मग उकळी फुटावी तशी पिल्लंच पिल्लं!

आम्ही त्यांना टोपलीतून भरतीच्या रेषेपाशी नेलं आणि सोडलं. पुढचं त्यांचं त्यांनी चालायचं असतं. घरट्यातून वर येणारं प्रत्येक पिल्लू मी मोजत होते. ऐंशी. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. मग बराच वेळ कुणी आलं नाही. आबांनी घरटं उकरून बघितलं. तेरा अंडी फुटलीच नव्हती. एकावरची खूण अजून दिसत होती. ते माझं एकतिसावं होतं की दुसरं कुठलं, हे मला कधीच कळणार नाही. मी रडले, आणि बाबीकाकांनी या वेळी मला रडू दिलं.

"जागेवर राहिली असती तर एकही नसती," आबा म्हणाले. "आणि हलवली नसती, पाणीही आलं नसतं, तरी काही फुटली नसतीच. शंभरातली शंभर कुठेच फुटत नाहीत."

समुद्राकडे निघालेलं शेवटचं पिल्लू सगळ्यांत बावळट होतं. ते दोनदा उलटं फिरलं, एका शिंपल्यावर अडलं. अखेर एक लाट आली आणि त्याला उचलून घेऊन गेली.

"आबा, ही परत कधी येतील?"

"ज्या किनाऱ्यावर जन्मली त्याच किनाऱ्याकडे माद्या अंडी घालायला येतात. पंधरा वर्षं तरी लागतात. सगळ्या वाचत नाहीत. पण एखादी नक्की येईल."

मी हिशोब केला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची असेन. समुद्राचा अभ्यास करून इथेच कामाला लागलेली असेन, हे मी आत्याला आणि बाबांना सांगून टाकलंय. बाबा बघू म्हणाले.

"आणि तुम्ही एकोणनव्वद वर्षांचे," मी आबांना म्हटलं. "तुम्ही यायचं हं, बघायला."

"बघू," आबा हसून म्हणाले.

"बघू नाही, आबा. यायचं."

त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. येईन."